तीन गाठींचं पान

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला समजावायला यायला नको. मी भुतंखेतं मानत नाही. तेव्हा मानत नव्हते, आजही मानत नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री, अख्खी नोकरी लॅबमध्ये, आणि दारात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर ते धुऊन त्याचं सरबत करणारी बाई आहे मी (खरंच केलंय, सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या).

इथले बाकीचे अनुभव मी आवडीने वाचते. अमावास्या, पिंपळ, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई... माझ्या अनुभवात यातलं काही म्हणजे काही नाही. रविवार होता, दुपारचे चार वाजले होते, खिडक्यांतून ऊन येत होतं आणि समोर शंभरएक माणसं बसली होती. ज्यांना घाबरून घ्यायचंय त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. मी फक्त घडलं ते सांगणार आहे, आणि घडलंच नाही असं जो म्हणेल त्याच्याशी भांडणार आहे.

जागा – सिल्वासा, दादरा नगर हवेली. काळ – १९९१ सालची अखेर. तेव्हा तिथे कारखान्यांचं नुसतं पीक आलं होतं. नाशिकहून लग्न होऊन मी गेले तेव्हा सामरवरणीतल्या आमच्या बिल्डिंगच्या एका बाजूला भाताची खाचरं होती आणि दुसऱ्या बाजूला शेडचे पत्रे. नवरा एका कारखान्यात मेंटेनन्सला, मी दुसऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये. आमच्याकडे पॉलिस्टरचं सूत व्हायचं. त्याची ताकद किती, जाडी किती, रंग नीट बसतो की नाही, हे तपासायचं माझं काम. दिवसभर बोटांत धागा.

मशीनवर खानदेशातली, डहाणूकडची, यूपी-बिहारची माणसं आणि केबिनमध्ये मुंबई-पुणे-नाशिकचे साहेब. बोलणं म्हणजे खिचडी. "मॅडम, बॉबिन खलास थई गया, दुसरा मंगाव ना लवकर" – हे एकाच माणसाचं एकच वाक्य असायचं. सुट्टीच्या दिवशी करायला काही नाही, मराठी नाटक बघायचं तर थेट मुंबई गाठायची. त्यातून आम्ही अभिवाचन सुरू केलं. म्हणजे नेपथ्य नाही, मेकअप नाही, पाठांतर नाही. चार खुर्च्या मांडायच्या, प्रत्येकाच्या हातात फाईल, आणि एखादी जुनी, गाजलेली साहित्यकृती आवाजाच्या जोरावर लोकांसमोर उभी करायची.

कल्पना बापट साहेबांची. ते आमचे प्रॉडक्शन मॅनेजर, मूळचे पुण्याचे. वाचन दांडगं, उच्चार खणखणीत, आणि समोरच्याला येता-जाता खाली पाहायला लावण्यात हातखंडा. पण त्यांच्याशिवाय हे उभं राहिलं नसतं, हेही तितकंच खरं.

आम्ही निवडली होती एक जुनी कादंबरी. नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर प्रतिक्रियांमध्ये तिच्यावरच हाणामारी सुरू होईल आणि माझं राहील बाजूला. त्यात एक म्हातारा शेतकरी आहे आणि त्याची सून आहे. शेवटाकडे म्हातारा कायमचं घर सोडून निघतो आणि दारात उभा राहून सुनेचा निरोप घेतो. आमच्या संहितेत तो निरोप तीन पानांचा होता, पान एकतीस ते तेहतीस. सगळ्या वाचनाचा जीव त्या तीन पानांत.

निवेदन बापट साहेबांकडे. सून मी. महाजन नावाचा एक तरुण इंजिनिअर बाकीची किरकोळ पात्रं वाचायचा. आणि म्हातारा – दिनकर पाटील.

दिनकर आमच्याकडे ऑपरेटर होता. अमळनेरजवळच्या खेड्यातला, वय पस्तीसच्या आसपास, सिल्वासातल्याच आमली भागात एका खोलीत बायकोबरोबर राहायचा. मशीनच्या घरघराटात चार मशीन पलीकडून हाक मारायचा आणि शब्दन् शब्द कळायचा, असा आवाज. मी त्याचं नाव सुचवलं तेव्हा बापट साहेब म्हणाले, "मिसेस देवरे, आवाज आहे हो, पण त्याचं ते खानदेशी वळण?"

मी म्हटलं, "म्हातारा काय सदाशिव पेठेतला आहे का साहेब? शेतकरी आहे तो."

साहेबांनी नाव लिहून घेतलं. दिनकर आला.

संहिता उतरवायचं काम माझ्याकडे होतं. पुस्तक इतकं जुनं की झेरॉक्ससाठी उघडून दाबलं तर पानं सुटून हातात आली असती. शिवाय निवडक भाग जोडून लिहायचे होते. मग मी फुलस्केप कागदांत कार्बन घालून, बॉलपेन दाबून दाबून पाच प्रती काढल्या. चार वाचकांच्या आणि एक राखीव. बोटाला घट्टा पडला. वरची मूळ प्रत मी दिनकरला दिली, कारण दुसऱ्या पाळीहून घरी आल्यावर तो मिणमिणत्या दिव्याखाली वाचत बसायचा. साहेबांना दुसरी प्रत गेली. ते त्यांना झोंबलं, पण दाखवलं नाही. तिसरी महाजनला, चौथी माझी, आणि सगळ्यात फिकट पाचवी माझ्या घरच्या कपाटात.

आता दिनकरच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे.

कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, याच्या खुणा आम्ही पेन्सिलीने करायचो. दिनकरने नाही केल्या. एक दिवस लॅबच्या दारात येऊन म्हणाला, "मॅडम, तुमच्या टेस्टिंगचा लाल धागा फेकून देतात ना? तो द्या मले थोडा."

"कशाला रे?"

"मशीनवर आमी धागा डोयानं नही पाहत, बोटानं पाहतो. कुठं तुटला, कुठं जाड आला, बोटाले समजतं. तसंच कागदावर करतो. वाचताना मान खाली घातली तर लोकाईकडे पाहू कसं?"

त्याने सुईने पानाच्या डाव्या कडेला धागा ओवला आणि ओळीओळीशेजारी गाठी मारल्या. एक गाठ म्हणजे श्वास. दोन गाठी म्हणजे थांबायचं. डाव्या अंगठ्याने गाठी चाचपत तो वाचायचा आणि नजर समोर. पॉलिस्टरच्या गाठीचा एक विशिष्ट स्पर्श असतो – गुळगुळीत, पण कडक, नखाखाली दाणा लागावा तसा. ज्यांनी ते काम केलंय त्यांना कळेल.

दिनकरची बायको सुमनबाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. दिनकर घरी सराव करायचा तो तिला समोर बसवून. त्यांच्याकडे गोष्ट सांगायची एक रीत आहे – सांगणारा मध्ये थांबतो, ऐकणाऱ्याने "हाव, मंग?" असा हुंकार द्यायचा, तरच गोष्ट पुढे सरकते. हुंकार नाही दिला तर सांगणारा तोंड मिटून बसतो. ऐकणारं माणूस जागं आहे ना, मनाने इथेच आहे ना, हे बघायचं असतं त्याला.

आमच्या तालमी आमलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये चालायच्या. एकदा ती तालमीला आली होती. शाळेच्या बाकावर कोपऱ्यात बसलेली. दिनकर एका ठिकाणी श्वासाला थांबला आणि ती सवयीने म्हणाली, "हाव, मंग?"

बापट साहेबांनी फाईल मिटली. "बाई, हा गावचा पार नाही. इथे ऐकणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं असतं. एवढं जमत नसेल तर घरी बसावं."

सुमनबाई उठली, पदर तोंडाला लावून बाहेर गेली. दिनकरचा चेहरा लालबुंद झाला. आणि मी? जिच्या तोंडाला अख्खा कारखाना वचकून असायचा ती मी... पुढची ओळ माझी होती, ती वाचली. बास. आजही ते आठवलं की माझा मलाच राग येतो. त्यानंतर सुमनबाई तालमीला कधी फिरकली नाही.

वाचनाला महिना राहिला असताना दिनकरला कावीळ झाली. आधी त्याने अंगावर काढली, मग कोणाकडून झाडपाला घेतला, मग दवाखाना. आठ दिवसांत गेला. धडधाकट माणूस. अंत्यविधीला माझा नवरा गेला होता. घरी आल्यावर म्हणाला, "त्याच्या भावाने ती तुमची फाईलपण ठेवली गं त्याच्या छातीवर." म्हणजे लाल धाग्याची ती प्रत दिनकरबरोबर जळाली. हे नीट लक्षात ठेवा.

वाचन रद्द करायचं नाही असं ठरलं. मीच अडून बसले. म्हाताऱ्याच्या लहानसहान ओळी बापट साहेबांनी स्वतःकडे घेतल्या. पण शनिवारच्या शेवटच्या तालमीत त्यांनी एकतीस ते तेहतीस ही पानं आमच्या फायलींतून काढून घेतली आणि स्वतःच्या बॅगेत टाकली.

"निरोप गाळू या," म्हणाले.

"का?"

"लांबतं. कंपन्यांचे मोठे लोक येणार आहेत."

"खरं कारण सांगा साहेब."

साहेब चष्मा पुसायला लागले. मग हळूच म्हणाले, "म्हातारा घर सोडून जातो तो भाग आहे. त्या पाटलाने महिनाभर तेच घोकलं आणि गेला. आता तो भाग कोणी वाचायचा? तुम्ही? मी? नको. काही गोष्टी पाळाव्यात माणसाने."

मला हसू आवरेना, आणि संतापही. ज्यांनी सुमनबाईला गावंढळ ठरवलं, ते हे! पण महाजनने मान डोलावली, आणि मी तेव्हा गप्प बसले. दुसऱ्यांदा.

रविवारी सकाळी सुमनबाई माझ्या घरी आली. सोमवारी आपल्या भावाबरोबर कायमची गावी निघाली होती – वापीहून सुरत, तिथून भुसावळ पॅसेंजर. निरोप घ्यायला आली होती. चहा घेतला नाही, पाणी घेतलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, आज त्यांचं ते... म्हातारा निघतो ते... कोन वाचनार?"

तिला काय सांगणार? गाळलं म्हणून?

"मी वाचणार," मी म्हटलं.

"मंग मी येते. मांगच बसेन. नही बोलनार."

शेवटचे दोन शब्द ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला हॉलमध्ये यायला भीती वाटत होती, तरी नवऱ्याचा भाग एकदा चारचौघांत झालेला ऐकायचा होता. उद्या ती जाणार. त्यानंतर तो ऐकायला तिला कोण बोलावणार होतं? मी ठरवून टाकलं. अपशकुन म्हणे! भुताबितांवर माझा विश्वास नव्हता, म्हणूनच तर मी वाचायला निघाले. मानत असते तर बसले असते साहेबांसारखी चष्मा पुसत.

कपाटातून पाचवी प्रत काढली, त्यातली ती तीन पानं घेतली आणि माझ्या फाईलमध्ये घातली. एकतिसावं पान वरवर बघितलं, अक्षरं फिकट पण वाचता येत होती. पुढची दोन बघितलीच नाहीत. रागात मला दिसत नाही, हा जुना दुर्गुण. सुमनबाईला बरोबर घेऊन मी आमलीतल्या त्या शाळेच्या हॉलवर गेले.

वाचन चांगलं चाललं होतं. पुढच्या रांगेत कंपन्यांची मंडळी, मागे आमची कामगार मंडळी आणि त्यांच्या घरच्या बायका. मागेच बसेन म्हणणाऱ्या सुमनबाईला मी हाताला धरून तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. तिसावं पान संपलं. साहेबांनी चौतिसावं उघडलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी उभी राहिले आणि म्हाताऱ्याचा निरोप वाचायला सुरुवात केली.

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू... पण करतात काय? समोर मोठे लोक.

एकतीस झालं. बत्तीस झालं. मी पान उलटलं.

तेहतीस कोरं होतं.

फिकट नव्हे, कोरं. वरच्या कोपऱ्यात मी लिहिण्याआधीच घालून ठेवलेला पानाचा आकडा तेवढा, बाकी एक अक्षर नाही. आणि मला एका क्षणात कळलं काय झालंय ते. त्या पानाला शेवटचा कार्बन मी उलटा घातला होता, शाईची बाजू वर करून. मग अक्षरं खालच्या कागदावर न उमटता वरच्या कागदाच्या पाठीवर उलटी उमटतात. तो वरचा कागद म्हणजे माझीच चौथी प्रत! तिच्या तेहतिसाव्या पानाच्या मागे उलटी अक्षरं मी दोन महिने बघत होते. "पसरलाय जरा कार्बन" म्हणून सोडून देत होते. त्याचा अर्थ पाचव्या प्रतीचं ते पान कोरं, एवढं साधं गणित या केमिस्ट बाईला सुचलं नव्हतं.

तो मजकूर त्या क्षणी स्टेजवर कोणाकडेच नव्हता. सगळ्यांची पानं साहेबांच्या घरी, बॅगेत. दिनकरची जळालेली. पुस्तक माझ्या घरी कपाटात.

समोर सुमनबाई, मांडीवर हात घट्ट धरलेले, ओठ मिटलेले. मला वाटलं, संपलं. आपल्या हट्टापायी या बाईचा शेवटचा दिवसही वाया घालवला आपण.

आणि माझ्या डाव्या अंगठ्याखाली गाठ लागली.

मी पुन्हा सांगते, पॉलिस्टरची गाठ कशी लागते हे मला झोपेतही कळतं. मी खाली बघितलं. कागदाला धागा नव्हता. कोरी, पांढरी कड. पण अंगठ्याखाली गाठ होती. एक. म्हणजे श्वास.

मी श्वास घेतला, आणि वाचायला लागले.

कसं, ते विचारू नका. पानावर काही दिसलं नाही. कानात कोणी बोललं नाही. माझा आवाज घोगरा वगैरेही झाला नाही, उगाच मसाला घालणार नाही. आवाज माझाच होता. फक्त पुढची ओळ काय आहे ते तोंडाला माहीत होतं आणि मला नव्हतं. म्हातारा सुनेला सांगतोय – बियाणं कोणत्या मडक्यात आहे, गाय कोणत्या बाजूने बसली की धार देते, भिंतीच्या कोणत्या कोनाड्यात काय ठेवलंय. मी ऐकत होते, बाकीच्यांसारखीच. एक गाठ. पुन्हा एक. मग दोन, थांबा. पुन्हा पुढे. मी समोर बघून वाचत होते. आयुष्यात कधी मान वर करून वाचलं नव्हतं मी.

मग म्हातारा म्हणतो की आता तू दारात उभी राहू नकोस, आत जा. आणि तिथे अंगठ्याखाली तीन गाठी लागल्या. एकापुढे एक. तीन.

तीन गाठी दिनकरच्या पद्धतीत नव्हत्याच! एक आणि दोन, बास. महिनाभर मी त्याच्या शेजारी बसत होते, त्याची फाईल मी शंभर वेळा हाताळली होती. तीन कुठेही नव्हत्या.

माझं तोंड बंद झालं. बंद म्हणजे – मी प्रयत्न केला. अंगठा पुढे सरकवायचा प्रयत्न केला, सरकेना. हॉल शांत. पाच सेकंद, दहा... किती कोणास ठाऊक. पुढच्या रांगेत कोणीतरी खोकलं. साहेब दातांतल्या दातांत म्हणाले, "बसा आता खाली." मी बसले नाही. बसूही शकले नसते.

माझी नजर सुमनबाईवर होती. तिचा चेहरा बदलत गेला. आधी नुसती बघत होती, मग डोळे मोठे झाले, मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला. बापट साहेबांकडे एकदा बघितलं. आणि शंभर माणसांत, कंपन्यांच्या मोठ्या लोकांच्या मागे बसून, स्वच्छ मोकळ्या आवाजात म्हणाली,

"हाव... मंग?"

अंगठा सुटला. पुढच्या चार ओळी राहिल्या होत्या, त्या मी वाचल्या. म्हातारा निघाला, वळणापर्यंत गेला, दिसेनासा झाला. शेवटच्या शब्दानंतर मी अंगठा फिरवून बघितला. नुसता कागद.

साहेबांनी चौतिसावं पान वाचायला घेतलं तेव्हा त्यांचा तो खणखणीत आवाज कापत होता.

वाचन संपल्यावर ते आधी माझ्याकडे आले. "पान दाखवा." मी दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं, उजेडाकडे धरून बघितलं. घरी जाऊन त्यांनी स्वतःच्या प्रतीत ते पान वाचलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आले ते दारातच उभे राहिले. "एक शब्द इकडचा तिकडे नव्हता," एवढंच म्हणाले आणि गेले. त्यानंतर आमची आणखी तीन वाचनं झाली. मागून कोणी "वा" म्हटलं, कोणी "अरेरे" म्हटलं, साहेबांनी एकदाही कोणाला गप्प केलं नाही.

आता तुमच्या शंका. मीच काढते, तुमचा वेळ वाचेल.

म्हणाल, तू ते पान स्वतः उतरवलं होतंस, तालमींत ऐकलं होतंस, मेंदूत कुठेतरी राहिलं असेल. मान्य! मीसुद्धा पहिली दहा वर्षं स्वतःला हेच सांगितलं. भीतीने बोटांना भास होतात, तेही मान्य. पण तिसऱ्या गाठीचं काय? माझ्या मेंदूत जे कधी गेलंच नव्हतं ते तिथून बाहेर कसं आलं?

कारण वाचन संपल्यावर, हॉलच्या पायऱ्यांवर, सुमनबाईने माझा डावा हात हातात घेतला, अंगठा चाचपून बघितला आणि विचारलं, "ताई, तिथं थांबायचं तुमाले कोनी सांगितलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही. तीन गाठी होत्या."

ती मटकन पायरीवर बसली.

मग सांगितलं तिने. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी दिनकरने सुईत लाल धागा ओवून त्या जागी तिसरी गाठ मारली होती. तोपर्यंत तिथे दोनच होत्या. म्हणाला, "त्या दिवशी साहेबानं तुले सगळ्यांमधी बोलून घेतलं. आता तू हॉलमधी ये. या गाठीवर मी थांबनार. तू हुंकार दे, मंगच मी पुढं वाचीन. नही दिला तर तिथंच उभा राहीन, साहेब काही बी म्हनो." ती म्हणाली होती, "एवढ्या लोकांत? मी नही देनार." त्यावरून दोघांत थोडी तणातणी झाली. ती रागावून भांडी घासायला गेली. दुसऱ्या दिवशी दवाखाना. विषय तिथेच राहिला.

त्या खोलीत दोघंच होती. फाईल त्यानंतर कोणी उघडली नाही, थेट चितेवर गेली. सुमनबाईने हे कोणाला, भावालाही, सांगितलं नव्हतं. मला कसं माहीत असणार? आणि कोणी म्हणेल की बाईने नंतर रचलं – तर मी आधी थांबले होते. ती नंतर बोलली. शंभर माणसं साक्षीला आहेत.

सोमवारी सकाळी मी तिला सोडायला बसस्टँडवर गेले. भाऊ तिकडे सामान चढवत होता. मी विचारलं, "तुम्ही तर त्यांना नाही म्हणाला होता. आणि मलाही सांगितलं होतं, बोलणार नाही. मग काल कसं काय?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी फारच बावळट विचारलं होतं.

"मी नसती बोलली ताई, तर ते तिथंच उभे राह्यले असते ना."

बस सुटली. नंतर तिची माझी भेट नाही.

ते पान अजून माझ्याकडे आहे, नाशिकच्या घरी, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. भिंगाखाली बघितलंय. कडेला सुईचं एक भोक नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि ते नाही म्हणून मी दारात लिंबू-मिरचीही बांधणार नाही. कोणाला तपासायचं असेल तर खुशाल या, पान दाखवते, चहा करते, वाद घाला. एकच अट आहे. माझ्या घरात त्याला भूत म्हणायचं नाही. दिनकर पाटील म्हणायचं.